भादव्यातलं लंघन

पाऊस ओसरत आला, गोदावरीचं गढूळ पाणी निवळायला लागलं, की नाशकात घरोघरी पोरांना ताप भरतो. दवाखान्यांच्या पायऱ्यांवर चपलांचे ढीग पडतात. हा भादवा दरवर्षी येतो. शेजारचं मूल तापलंय असं कळलं की मी त्याच्या कपाळाला हात लावत नाही, आधी विचारते, "शेवटचं कधी खाल्लं यानं?" आमच्या मजल्यावरच्या सुनांना याची आता सवय झाली आहे. "मावशी, ताप किती आहे ते विचारा ना," एक जण परवा म्हणाली, "तुम्ही तर पंगतीचं आमंत्रण द्यायला आल्यासारखं विचारता." मी हसले. हसताना मला सटाण्याचं एक घर दिसत होतं, एसटी डेपोच्या मागचं, आणि त्या घरातल्या फळीवरचा पत्र्याचा डबा.

त्या घरात माझी आत्या राहायची आणि माझी ताईही. आत्याच्या मोठ्या मुलालाच ताई दिली होती. आमच्याकडे हे फार चांगलं समजत. मामाची मुलगी करायची, म्हणजे घरची पोर घरात राहते आणि सासू म्हणून परकी बाई वाट्याला येत नाही. आत्यानं ताईला खरोखरच कधी सून म्हणून वागवलं नाही. भांडली तीसुद्धा आत्यासारखी भांडली. ताईचे यजमान, आमचे दाजी, डेपोत मेकॅनिक होते. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच गाड्या उभ्या असत, त्यामुळे घरभर डिझेलचा वास, आणि घड्याळाचं काम गाड्यांकडे. सकाळी धुळ्याची गेली की दूध तापवायचं, संध्याकाळी मालेगावची परत आली की दिवा लावायचा.

आत्या अर्धं मराठी बोलायची, अर्धं अहिराणी. तापावर तिचा एकच इलाज होता, लंघन. उकळून गार केलेलं पाणी, फार तर त्यात सुंठेचा तुकडा. अन्नाचा कण नाही. "पोट रिकामं ऱ्हायनं म्हंजे ताप काय खाई?" ती विचारायची. माझे वडील आणि ती, दोघंही लहानपणी असेच बरे झालेले. गल्लीतली पोरंही दोन दिवस लंघन करून तिसऱ्या दिवशी भाकरी मागत अंगणात यायची.

ताईची पोरं येत नव्हती.

पहिला बापू. दीड वर्षाचा. मी तेव्हा शाळेत होते. संध्याकाळी ताप आला, दुसऱ्या दिवशी लंघन झालं, तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही. मला आठवतात ते फक्त वडील, आत्याच्या ओट्यावर टोपी हातात घेऊन बसलेले. कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं आतला ताप. दोन-तीन वर्षांनी चिमी झाली. गोरीपान, बोलघेवडी, कंडक्टरची नक्कल करून "चला, पुढं सरका" म्हणणारी.

चिमीच्या वेळी मी तिथे होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि गणपतीच्या सुटीत ताईकडे राहायला गेले होते. पाऊस उघडला होता, ऊन चटचट लागत होतं. ताई आणि आत्या कांद्याच्या रोपात निंदायला गेल्या होत्या. अडीच वर्षांच्या चिमीला आदल्या दिवसापासून ताप. "पाणी मागीन तं पाणी दे, बाकी काही नको," असं सांगून आत्या गेली. मी मांडीवर रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन बसले. मागे खुडबुड झाली म्हणून वळून पाहिलं, तर चिमीनं पाटावर पाट ठेवला होता, फळीवरचा डबा उघडला होता आणि ग्लुकोजच्या बिस्किटाचा एक कोपरा कुरतडला होता.

मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. तिनं मूठ घट्ट धरली होती, एकेक बोट सोडवावं लागलं. "आजी रागावेल ना," मी म्हणाले. "एकच, मावशी," ती म्हणाली. बराच वेळ रडली आणि मग थकून झोपली. मला वाटलं, बरं झालं, झोपली. मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याची गाडी गेली, दूध तापत ठेवलं गेलं, आणि ताईची किंकाळी ऐकू आली.

आठ दिवसांनी कुणा आल्यागेल्यासाठी चहाबरोबर द्यायला म्हणून मी तो डबा उघडला. ते बिस्किट वरच होतं. मीच परत ठेवलं होतं. त्याच्या कोपऱ्यावर चिमीचे दात तसेच उमटलेले होते. मी झाकण लावलं आणि घरात बिस्किटं नाहीत असं सांगितलं. तेव्हापासून मला त्या गोडसर वासाची भीती वाटते. कशाची भीती, ते मात्र पुढची कित्येक वर्षं कळत नव्हतं. कुणीच मला बोल लावला नव्हता. उलट आत्या सगळ्यांना सांगायची, "पोरीनं कितली निगा राखी!" ते ऐकलं की मी उठून आत जायची.

मी शिकले ती अनेकांच्या उपकारांवर. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. शाळेतल्या बाईंनी स्वतःची जुनी पुस्तकं दिली. वडील माझ्या प्रत्येक पेपरला केंद्राबाहेर कडुनिंबाखाली तीन-तीन तास उभे राहिले, जणू आत त्यांचीच परीक्षा चालली होती. एम.एस्सी. करून मी नाशिकला कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झाले. पहिल्यांदा पांढरा कोट घातला तेव्हा वडील म्हणाले, "आता तुला कळेल, माणूस कशानं जगतो ते." ते सहज बोलून गेले होते. मला मात्र चिमीची मूठ आठवली.

आमचे विभागप्रमुख सर मोठे मजेदार. परदेशी नियतकालिकं आमच्या ग्रंथालयात येत नसत. सर पुण्याला जाऊन सूचीतून नव्या शोधनिबंधांची नावं उतरवून आणायचे आणि मला छापील कार्डांचा गठ्ठा द्यायचे. 'आपल्या पुढील निबंधाची एक प्रत कृपया पाठवावी' अशा मजकुराखाली निबंधाचं नाव लिहायचं, पत्ता घालायचा, कार्ड टपालात टाकायचं. दोन-तीन महिन्यांनी पाकीट यायचं. सातासमुद्रापलीकडचा कुणी अनोळखी शास्त्रज्ञ नाशिकच्या एका कॉलेजासाठी पाकिटाला जीभ लावून ते चिकटवतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे, अशाच एका भादव्यात, एक पाकीट आलं. माणसाच्या शरीरातल्या एका विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, जनुक शोधून काढल्याचा निबंध होता. "वाचून काढा आणि वर्गात सोप्या भाषेत सांगा," सर म्हणाले. "मला सोपं सांगता येत नाही, म्हणून तर मला विभागप्रमुख केलंय." मी हसत पाकीट घेऊन प्रयोगशाळेत गेले. मुलं ब्युरेटच्या काचनळीपुढे डोळे बारीक करून थेंब मोजत होती.

निबंधात एक अख्खं पान नुसत्या डीएनएच्या चार अक्षरांनी भरलं होतं. तीच चार अक्षरं उलटसुलट, ओळीमागून ओळी, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. त्या विकराची पाककृती म्हणा ना. आपण जेवतो तेव्हा शरीर साखर जाळतं. पोट रिकामं राहिलं, साठवणीतली साखर संपली, की ते चरबी जाळायला घेतं. ती चरबी प्रत्येक पेशीतल्या तंतुकणिकांत जळते. मी मुलांना त्यांना पेशीतल्या चुली म्हणायला शिकवलं होतं. या विकरावाचून त्या चुलीत चरबी पेटत नाही. पाककृतीत एखादंच अक्षर चुकलं तरी विकर बिघडतं, आणि तरीही मूल हसतं-खेळतं, कारण रोज वेळेवर जेवत असतं. चुलीची गरजच पडत नाही. गरज पडते ती उपासाच्या दिवशी.

सुरुवातीच्या परिच्छेदात लेखकांनी आजाराचं वर्णन केलं होतं. निरोगी मूल. किरकोळ ताप. खाणं थांबतं. गुंगी येते. कधी मूल झोपेतून उठतच नाही. एकाच घरात एकाहून अधिक मुलं. आईवडील धडधाकट.

मी तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचला. "मॅडम, रंग बदलला," एक मुलगा ओरडला. मला ते दुरून ऐकू आलं. प्रत्येकाकडे या पाककृतीच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक चुकीची असली तरी दुसरीवर भागतं. आजी किंवा आजोबांची एक चुकलेली प्रत आत्याकडे गेली असेल आणि तीच माझ्या वडिलांकडेही. आत्याकडून दाजींकडे, वडिलांकडून ताईकडे. आणि मग आम्ही हळद-कुंकू लावून, वाजतगाजत, त्या दोन चुकांना एका घरात आणलं.

एका निबंधावरून निदान करायचं नसतं, हे मला कळत होतं. पण मला तपासणीचा कागद नको होता. माझ्याकडे कुरतडलेलं बिस्किट होतं.

त्याच रात्री ताईला लिहायला हवं होतं. ताईला तेव्हा तिसरी मुलगी होती, शकू, तीन वर्षांची. मी चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. काय लिहिणार होते? तुझी पोरं तापानं नाही, भुकेनं गेली? मग त्यांना उपाशी कुणी ठेवलं, हा प्रश्न पाठोपाठ येणारच होता. त्याचं उत्तर आत्या होती. आणि मी होते. दिवाळीला जाईन तेव्हा समोरासमोर सांगेन, असं मी ठरवलं. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण त्या ठरवण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सटाण्याच्या गाडीचा कंडक्टर कॉलेजात आला. दाजी कधीमधी त्याच्याबरोबर काहीबाही पाठवत. पिशवीत बाजरीचं पीठ होतं आणि पिठावर घडी घातलेली चिठ्ठी. 'शकूस काल संध्याकाळपासून ताप आहे. लंघन चालू आहे. काळजी नसावी.'

मी निबंध उचलला आणि कंडक्टरच्याच मागे धावले. तीच गाडी परत जाणार होती. अख्ख्या रस्ताभर मी तास मोजत होते. शकू काल दुपारी जेवली असेल. बारा, एक, दोन. म्हणजे आत्ताच चोवीस होत आले. पिंपळगाव गेलं, सोग्रस फाटा आला, खिडकीतून बाजरीची भरलेली कणसं मागे पळत होती, सगळीकडे अन्नच अन्न उभं होतं. देवळ्याला गाडी थांबली आणि ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. मी बिस्किटं आणि साखर घेऊन पुन्हा जागेवर येऊन बसले, तरी ते दोघं बशीत चहा ओतून गप्पा मारतच होते.

"दादा, निघू या ना," मी खिडकीतून म्हणाले.

"बाई, चहा घ्या तुम्हीबी. तुम्हाला सोडून गाडी काय पळून जात नाय."

"भाचीला बरं नाहीये."

"आपल्या मेकॅनिकची पोर ना? तापच हाय ओ. आमच्या घरी तीन तापलेत." पण कंडक्टरनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, बशी खाली ठेवली आणि डबल बेल दिली.

घरात शिरले तेव्हा आत्या शकूच्या उशाशी बसून कपाळावरची ओली घडी बदलत होती. ताई भिंतीला टेकून होती, पोरीच्या छातीवर नजर लावून. श्वास मोजत होती, हे मला लगेच कळलं. ताईनं कुठला निबंध वाचला नव्हता. पण दोनदा सकाळ पाहिली होती.

"उनी का मास्तरीण?" आत्या म्हणाली. "बस. आता शांत झोपेल शे."

मी शकूला हाक मारली. तिनं डोळे अर्धे उघडले, माझ्याकडे न बघता मिटले. "आत्या, हिला साखरपाणी देऊ या. आत्ताच्या आत्ता."

"येडी का काय तू? अंग पाह्य कसं तपी ऱ्हायनं."

"द्यायलाच हवं, आत्या."

"तुना बापले मायनी लंघनवरच जगाडं. चार बुकं शिकनी तं माले शिकाडस का?"

गाडीत मी कितीतरी वाक्यं जुळवली होती. विकर, जनुक, पेशीतल्या चुली. त्यातलं एकही आठवेना. "आत्या," मी म्हणाले, "चिमीनं त्या दिवशी बिस्किट घेतलं होतं. मी तिच्या हातातून काढून घेतलं. ती एकच मागत होती."

भिंतीपलीकडे कुणीतरी शिट्टी वाजवत गाडी मागे घेत होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं. ताई कधी उठली, आम्हाला कळलंच नव्हतं. आत्या उशापासून अर्धा हात बाजूला सरकली. मला तेवढीच जागा हवी होती.

पण शकू गिळेना. चमचाभर पाणी ओठाच्या कडेनं उशीवर ओघळलं. ताई मागच्या दारातून डेपोच्या दिशेनं ओरडली. दाजी तसेच ग्रीस लागलेल्या हातांनी आले, पोरीला उचललं आणि पळत सुटले. दवाखाना चौकातच होता. डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे.

"ग्लुकोजचं सलाईन लावा," मी धापा टाकत म्हणाले.

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही. कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर."

"मग सलाईन कुठलं ते तुम्ही सांगणार?"

"हो," मी म्हणाले, इतक्या मोठ्यानं की बाहेरच्या बाकावरची माणसं वळली. पोरीला खाटेवर ठेवताच मी निबंध दाजींच्या हातात दिला होता, त्यांनी तो पुढे केला. डॉक्टरांनी उभ्याउभ्या पहिलं पान वाचलं. मग ताईकडे वळले. "आधीची दोघं कशी गेली?"

"तापात," ताई म्हणाली. "सकाळी."

त्यांनी कंपाउंडरला हाक मारली.

त्यानंतरचे दोन-अडीच तास मी बाटलीतले थेंब बघत होते. प्रयोगशाळेत मी आयुष्यभर थेंब मोजले आहेत, पण इतक्या भीतीनं कधी नाही. आत्या दाराबाहेर पायरीवर बसली होती, आत येत नव्हती. मालेगावची गाडी परत आल्याचा भोंगा ऐकू आला, आणि शकूनं हात ओढायचा प्रयत्न केला. "सुई काढ," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, आणि डॉक्टरांना एक अशी शिवी दिली, जी ती डेपोतच शिकली असणार. डॉक्टर आधी चपापले, मग खुर्चीत बसून हसायला लागले. ताईनं तोंडात पदर कोंबला.

तो निबंध माझ्याकडे अजून आहे. पहिल्या पानावर दाजींच्या बोटांचा काळा ठसा आहे. कितीतरी वर्षांनी मुंबईत शकूची तपासणी झाली, दोन्ही प्रतींत तीच चूक निघाली. तो कागद फाइलमध्ये आहे. ठशाचं पान मात्र मी कपाटात साड्यांच्या घडीत ठेवते.

शकूला कधीही उपाशी ठेवायचं नाही, तापात तर दर दोन-तीन तासांनी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, असं मी सांगून आले. ते काम आत्यानं आपल्याकडे घेतलं. गाड्यांच्या वेळेवर. धुळ्याची, नंदुरबारची, मालेगावची. प्रत्येक गाडीला एक वाटी. गाडीला उशीर झाला तर ती मागच्या दारात जाऊन डेपोवाल्यांना शिव्या घालायची आणि गाडीची वाट न बघता भरवायची. त्याच वर्षी आत्याच्या मनात मला धाकट्या मुलासाठी मागायचं होतं. मी नाही म्हणाले. कारण सांगितलं शिक्षणाचं, खरं कारण होतं भीतीचं. ती चुकलेली प्रत माझ्याकडे आहे की नाही, मला ठाऊक नव्हतं. पुढे परक्या घरात लग्न केलं, तरी माझ्या मुलाच्या पहिल्या तापात मी त्याला इतकं भरवलं की तो ओकला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोर आहे, पोतं नाही." ओकला तसं मी पुन्हा भरवलं.

शकूच्या त्या तापानंतरच्या भादव्यात पितरांच्या पंधरवड्यात मी सटाण्याला गेले. आत्यानं तिच्या यजमानांचं पान वाढलं आणि मला म्हणाली, "चाल वं वर, माले धर." तिचे गुडघे तेव्हा पार गेले होते. एकेक पायरी थांबत आम्ही गच्चीवर गेलो. ऊन पांढरं पडलं होतं. तिनं कठड्यावर पान ठेवलं, हात जोडले. मी खाली जायला वळले, तर तिनं पदराआडून दोन लहान वाट्या काढल्या. साखर घातलेली भाताची पेज. अजून वाफ येत होती. आमच्याकडे एवढ्या लहान मुलांसाठी पान ठेवत नाहीत.

"भुक्या गयात ना त्या," ती म्हणाली.

मी वर्षभर तिला हे सांगायचं टाळत होते. तिला कुणी सांगायची गरज नव्हती. दवाखान्याच्या पायरीवर बसली होती तेव्हाच तिला कळलं असणार.

"कुणालाच माहीत नव्हतं, आत्या."

"तू तं लहान व्हती," ती वाट्या नीट लावत म्हणाली. "मीच सांगेल व्हतं तुले."

इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हणालं नव्हतं. माझ्या पर्समध्ये शकूच्या त्या तापापासून कायम बिस्किटांचा पुडा असतो. मी तो फोडला आणि दुसऱ्या वाटीशेजारी एक बिस्किट ठेवलं. अख्खं. आत्यानं ते बघितलं, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वाटीच्या कडेला टेकवून ठेवलं.

तेवढ्यात खालून शकूचा आवाज आला, "आजी, भूक लागली!"

नंदुरबारच्या गाडीला अजून वेळ होता. ताप नव्हता, काही नव्हतं, पोरगी नुसती खेळून आली होती. तरी आम्ही दोघी एकदम धावलो. गुडघ्यांनी अधू झालेली आत्या जिन्यावर माझ्या पुढे होती.